दुसऱ्या गाडीचं कव्हर

पलूस,
रविवार

प्रिय मल्हार,

हाताच्या पट्ट्या निघाल्या, मुठीत स्टेअरिंग धरता येतंय, असं तानाजी ड्रायव्हरकडून कळलं. जीव जरा भांड्यात पडला. खरं तर मी स्वतः येऊन विचारायला हवं होतं, पण आलो नाही. फोन दिवसातून दहा वेळा हातात घेतो आणि परत खिशात टाकतो. आपल्या चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळं हे पाकीट बघून तू चक्रावशील. पत्रच का, ते शेवटी सांगतो. आधी सगळं ओळीनं लिहू दे, नाहीतर मला सोयीचं असेल तिथून मी मधेच वाट काढीन.

सुरुवात फार मागून करावी लागेल. दिवाळी झाली की तुमची मेंढरं माण तालुक्यातून खाली यायची आणि पंधरा-वीस दिवस आमच्या मोकळ्या रानात बसायची. खत आमच्या रानाला, ज्वारी तुमच्या घराला. तू नि मी एका वयाचे. दोनशे मेंढरांत कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे तू बांधावर बसून सांगायचास, आणि आमचे तात्या मुद्दाम तुझी परीक्षा घ्यायचे. तू चुकत नव्हतास. मग तात्या म्हणायचे, "ह्याला म्हणत्यात नजर!" आणि म्हणताना माझ्याकडं बघायचे. मला ते शब्द इतके लागायचे की तुमचा तळ हलला की मी दोन दिवस खुशीत असायचो, आणि तिसऱ्या दिवशी तुझी आठवण काढून रडायचो. रंगुबाई, तुझी आई, पाहुण्याचं पोर म्हणून तुझ्याआधी मला भाकरी वाढायची. त्या वेळी तुझं तोंड बारीक होतं का, ते मी वळून बघायचो. तुझं कधी झालं नाही. तू माझ्याच ताटात हात घालून जेवायचास. ह्याचाही मला राग यायचा. कसला राग, ते तेव्हा कळत नव्हतं. आज पन्नाशी उलटल्यावर कळतंय.

पुढं तुम्ही मेंढरं विकली, तू ड्रायव्हिंग शिकलास, पिकअप घेतलीस. मी इथं रस्त्याकडेला गॅरेज टाकलं. तुझी डाळिंबं माणातून चिपळूणला, तिकडून नारळ इकडं. जाता-येता तू माझ्याकडं थांबायचास, आणि तू थांबलास की माझं गॅरेज माझं राहायचं नाही. चहाची टपरी तुझी, गिऱ्हाईक तुझं, हसणं तुझं. तुझी पिकअप तरी काय, नवरीच! आरशाला लोकरीचे गोंडे, मागच्या फळीवर रंगवलेला मेंढरांचा कळप, शिंगासारखे वळलेले दोन भोंगे. लोक फोटो काढायचे. मी खाली गाडीखाली आडवा, अंगावर काळं तेल, आणि वरून तुमच्या हसण्याचा आवाज. तीस वर्षं मी ह्या तालुक्यातल्या गाड्या चालत्या ठेवल्या, आणि लोकांना नाव मात्र तुझं माहीत.

तरी हे सगळं मी पचवलं होतं. पचलं नाही ते शिवांजलीचं.

माझी पोरगी सांगलीला आयटीआय करून आली आणि म्हणाली, मी गॅरेजात बसणार. तिच्या आईनं, लीलानं, डोक्याला हात लावला.  सहा महिन्यांत ती गिअरबॉक्स एकटीनं उतरवायला लागली. मल्हार, मला इतका अभिमान वाटायचा की तो लपवायला मी तिच्यावर ओरडायचो. पान्हा जागेवर का नाही, फडकं कुठं टाकलंस. मला वाटायचं, कौतुक केलं की हात सैल पडतो. तात्यांनी मला तसंच वाढवलं होतं. आणि तू एक दिवस गाडीतून उतरलास, तिनं बसवलेल्या क्लचवर पाय ठेवलास, आणि चार माणसांत म्हणालास, "आवं बाई मिस्त्री, आता ह्या गाडीला तुमच्याबिगर कुणाचा हात लागायचा न्हाई बगा!" ती लाजली. कानापर्यंत लाल झाली. तीन वर्षांत मला न दिसलेलं तिचं ते तोंड तू एका वाक्यात बाहेर काढलंस. घरी जेवताना तिनं ते वाक्य आईला दोनदा सांगितलं. मी ताटातली आमटी गार होऊ दिली आणि उठलो.

मग गेल्या हिवाळ्यात त्या कव्हरचा विषय निघाला. तू कुठल्या तरी पुढाऱ्याच्या भारी गाडीचं बोनेट उघडं बघितलंस, आणि आत इंजिनावर ते काळं चकचकीत झाकण, वर रुपेरी पट्टा. तुझ्या डोक्यात बसलं की आपल्या पिकअपच्या इंजिनालाही तसंच नटवायचं. मला आधी विचारलंस, हे मी मान्य करतो. मी चार लोकांत हसलो. म्हणालो, "मल्ह्या, त्यानं ना ताकद वाढती ना ॲव्हरेज. बोनेट झाकल्यावर कोण बघतंय रं?" तू म्हणालास, "कोण न्हाई बगत. मला ठावं असतंय की गड्या." लोक माझ्यावर हसले नाहीत, पण तुझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. आणि शिवांजली आतून हात पुसत आली नि म्हणाली, "काका, मी बसवते. मला आठ दिवस द्या."

ते आठ दिवस मला तोंडपाठ आहेत. कराडच्या भंगारात पालथ्या पडलेल्या एका मोठ्या गाडीचं कव्हर तिनं शोधलं. एक कोपरा फुटलेला होता, तो आतून चिकटवून घासला. तुझ्या इंजिनावर ते बसणार कसं? त्या गाडीच्या इंजिनाला कव्हर अडकवायच्या खुंट्या असतात, तुझ्या इंजिनाला त्या नाहीतच. मग पुठ्ठ्याचा साचा कापला. तेल ओतायच्या टोपणाला आणि तेल मोजायच्या गजाला जागा सोडली. बोनेट वर टेकेल का, हे बघायला आईच्या परातीतली कणीक आणली. कव्हरावर ठिकठिकाणी कणकेचे गोळे ठेवले, बोनेट दाबून बंद केलं, परत उघडलं, आणि चपटलेले गोळे सुरीनं कापून पट्टीनं मोजले. सगळ्यात पातळ ठिकाणी एका बोटाची जागा उरली होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच. आतल्या बाजूला स्पंज होता, तो तिनं ओरबाडून काढला, कारण त्यात तेल-डिझेल मुरलं तर पेट घेईल. इतका विचार तिनं केला होता. मग लोखंडाच्या तीन पट्ट्या वाकवून, रबरी बुश घालून, कव्हर बसवलं. मी रोज बाजूला दुसऱ्या गाडीत डोकं घालून उभा असायचो, आणि माझं सगळं लक्ष तिकडं असायचं. ती कामात गुणगुणायची. माझ्या हाताखाली काम करताना ती कधी गुणगुणली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी तू आलास. बोनेट उघडून तुला दाखवलं. तू नुसता त्या काळ्या प्लास्टिकवरून हात फिरवत राहिलास. मग तिच्या डोक्यावर हात ठेवलास. नंतर तू तिला घेऊन टपरीकडं गेलास, सगळ्यांना चहा सांगायला. जाताना तिनं गाडी चालू ठेवली होती. मी पुढं झालो आणि बाजूनं इंजिनाकडं बघत, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवून बंद केली. डिझेल इंजिन बंद होताना एक हिसडा देतं, तुला माहीत आहे. त्या हिसड्याला मागची डावी पट्टी हलली, आणि तिची कापलेली कड टाकीकडं परत जाणाऱ्या डिझेलच्या रबरी पाइपाला टक्कन लागली. मी परत चालू केली, परत बंद केली. परत टक्कन. गाडी उभी असताना मधे बोटभर अंतर दिसतं, चालू असतानाही दिसतं. फक्त बंद करताना लागतं. बसवताना ती समोरून बघत होती, तिला ते दिसणं शक्य नव्हतं. मला दिसलं. पाइप अंगठ्याएवढा बाजूला ओढून एक क्लिप मारायची, बास. दोन मिनिटांचं काम.

ती चहाचा कप घेऊन माझ्यासाठी आली. म्हणाली, "आबा, एकदा बघता का? काय राहिलंय का?" तिनं असं विचारलं आणि मी टपरीकडं बघितलं. तू तिथं हातवारे करून तिचीच गोष्ट सांगत होतास, कणकेची. सगळे हसत होते. मी म्हणालो, "बरं झालंय." मल्हार, तिच्या कामाला मी आयुष्यात पहिल्यांदा बरं म्हटलं, आणि ते खोटं होतं. तिचे डोळे भरून आले. ती पळत तुम्हाला सांगायला गेली.

माझ्या मनात काय होतं, तेही लिहितो. आग माझ्या मनात नव्हती. देवाशपथ नव्हती. मला वाटलं, पंधरा-वीस दिवसांत पाइप घासेल, थेंब-थेंब डिझेल ठिबकेल, वास येईल, तू गाडी घेऊन येशील. मग सगळ्यांसमोर मी वाकून बघेन, बोट ठेवेन आणि दोन मिनिटांत नीट करीन. मग तुम्हाला दोघांनाही कळेल की अजून मिस्त्री कोण आहे. एवढंच हवं होतं मला. एवढ्यासाठी मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, तिसऱ्या दिवशी आलं असतं. तुझा फोनही आला होता, कव्हर झकास बसलंय म्हणून. मी हं म्हणालो आणि ठेवला.

रंगुबाईला समुद्र बघायचा होता म्हणून तू त्या खेपेला तिला सोबत घेतलंस, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोललो असतो का? बोललो असतो असंच मी स्वतःला सांगतो. चिपळूणहून नारळ भरून तू कुंभार्ली घाट चढलास, आणि कोयनानगरच्या अलीकडं बोनेटमधून धूर आला. तू आधी म्हातारीला उचलून रस्त्याच्या पलीकडं नेऊन बसवलंस आणि मग बोनेट उघडायला गेलास. उघडताना भडका आला. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडीतलं आग विझवायचं नळकांडं आणलं, लोकांनी माती टाकली, म्हणून मागचं सगळं वाचलं. तुझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हे मला तुझ्याकडून नाही कळलं. आमच्या गॅरेजात उभ्या एका माणसाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला. त्यात रंगुबाई रस्त्याकडेला बसून मोठ्यानं तुझं नाव घेत होती. शिवांजली माझ्या खांद्यावरून बघत होती. तिच्या हातातला पान्हा खाली पडला.

कराडच्या दवाखान्यात आपण तिघं होतो, आठवतं? तू पलंगावर, ती पायाशी, मी दारात. ती म्हणाली, "काका, माझ्यामुळं झालं." तू म्हणालास, "येडी हाय का? माझीच हौस नडली. गाडीचं काय, गाडी येतीया." मग माझ्याकडं बघून म्हणालास, "मानसिंग, पोरीला सांभाळ रं." मी दाराची चौकट धरून उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी मान हलवली.

मग कराडच्या पिकअप स्टँडवरच्या लोकांनी तोंड उघडलं. पोरीच्या हातचं काम म्हणून गाडी पेटली. नटवायचं काम बायकांचं, इंजिनाचं नव्हं. माझ्याकडं येणारे ड्रायव्हर गाडी लावायच्या आधीच सांगायला लागले, "तुमीच हात लावा मिस्त्री, पोरीला लावू देऊ नका." आता जे लिहितोय ते लिहायला सगळ्यात जड जातंय. पहिले आठ दिवस मला ते ऐकून बरं वाटलं. लोक परत मला हाका मारत होते. माझं गॅरेज परत माझं झालं होतं.

तिनं मात्र जळलेल्या गाडीतून ती पट्टी मागवून घेतली. पाइपाचा उरलेला तुकडा मिळवला, कड आणि चीर जुळवून बघितली, आणि एका संध्याकाळी लीलाला म्हणाली, "बंद करताना लागत असणार. मी समोरून बघत होते. माझंच चुकलं." तीन आठवड्यांत तिनं शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपले पान्हे पुसून डब्यात भरले, आणि पलूसमधल्या मोबाइलच्या दुकानात कामाला लागली. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी येते. घरात बोलते, जेवते, हसतेसुद्धा. गॅरेजच्या बाजूला मान वळवत नाही. तीन महिने मी हे बघत होतो.

आणि तरी मी थांबलो नाही. गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. तिचा फोन घरी राहिला होता, मी उचलला. तू म्हणालास, म्हसवडच्या रस्त्याला जागा घेतलीय, शेड मारतोय, शिवांजली येऊन गॅरेज चालवते का विचार. तिकडं मिस्त्री नाही. पोरगी माझ्या घरात राणीसारखी राहील. हात भाजलेला माणूस, ज्याची आई त्या रस्त्यावर बसून रडली, तो माझ्या पोरीला गॅरेज देत होता. आणि मी म्हणालो, "विचारलं तिला. न्हाई म्हणती. तिला आता ह्यात रस न्हाई." तू म्हणालास, "बरं, तिच्या मनाला येईल तसं." मल्हार, मी तिला विचारलंच नव्हतं. ती तुझ्याकडं जाईल आणि गुणगुणत काम करेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि माझ्या तोंडून ते निघालं.

फोन ठेवला. पहिल्या वेळी मी नुसता गप्प बसलो होतो, त्यामुळं स्वतःची समजूत घालता यायची. ह्या वेळी ती सोय नव्हती. परवा, शुक्रवारी, तिच्या दुकानाला सुट्टी होती. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिथंच उभा राहून सगळं सांगितलं. हिसडा, टक्कन आवाज, दोन मिनिटं, बरं झालंय, आणि तुझा फोनही. मला वाटलं, ओरडेल, रडेल, घर सोडून जाईल. तिनं हातातली ओली चादर नीट पसरली, तिला चिमटे लावले. मग विचारलं, "क्लिप कुठं मारली असती तुम्ही?" मी म्हणालो, "हवेच्या इनटेक पाइपाच्या पायाला, खालच्या बोल्टाला." तिनं डोळे मिटून जरा विचार केला. म्हणाली, "व्हय. तिथं बसली असती." आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. लीला अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

काल सकाळी शिवांजली माझ्यासमोर वही आणि पेन ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझं नाव गेलं ते स्टँडवर. लिहून द्या. तुमच्या नावानं, सहीनं. काका वाचतील सगळ्यांसमोर." म्हणून हे पत्र, मल्हार. हे तुझ्या एकट्यासाठी नाही. कराडच्या पिकअप स्टँडवर, सगळे ड्रायव्हर जमतील तेव्हा, हे पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाच, माझ्या हेव्याची आणि लहानपणाची ओळही गाळू नकोस. पट्टी शिवांजलीनं बसवली होती, आणि ती लागते हे माहीत असून मानसिंग मिस्त्रीनं पोरीला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. तुझा हात माझ्यामुळं भाजला. पत्र ती स्वतः घेऊन येतेय, दुपारच्या गाडीनं. सोबत तिचा पान्ह्यांचा डबा आहे. शेड बघून मग ठरवते म्हणाली. परत कधी येणार, हे मी विचारलं नाही. ती तुझ्या दारात उतरेल तेव्हा तुझं तोंड कसं फुलेल ते मला इथून दिसतंय, आणि अजूनही मला तुझा हेवा वाटतोय, तेही वाच. शेवटी तुझी आणि रंगुबाईची माफी मागायला मी दोन ओळी लिहिल्या होत्या. शिवांजलीनं कागद वाचला आणि त्या खोडायला लावल्या. म्हणाली, "आबा, ते तिथं जाऊन तोंडानं मागा. हा कागद कामाचा आहे." म्हणून इथं मागत नाही. पुढच्या रविवारी येतो.

तुझाच,
मानसिंग